कमावलेले कातडे

अ‍ॅडलेडच्या एका उपनगरात चामड्याचे दुकान आहे. बाहेरून ते एखाद्या गोदामासारखे दिसते. दार उघडले की आधी वास येतो आणि मग फळ्यांवर गुंडाळून ठेवलेले चामडे दिसते. गेल्या वर्षी मुलीकडे पाच महिने राहायला गेलो होतो, तेव्हा एका सकाळी मी त्या दुकानात शिरलो. काउंटरमागच्या माणसाने विचारले, "काय बनवणार आहात?" मी म्हणालो, "कमरेचा पट्टा. पहिल्यांदाच शिकतोय."

वाक्य खरे होते, तरी बोलताना खोटे बोलल्यासारखे वाटले. कारण माझ्या आजोबांपर्यंत आमच्या घरातल्या प्रत्येक पिढीने कातडे कमावले आहे. आमचा समाज ढोर. बाराव्या शतकातल्या कल्याणच्या शरणांपैकी कक्कय्यांना आम्ही आपला पूर्वज मानतो. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या आमच्या गावात आजोबांचे कुंड ओढ्याकाठी, वस्तीच्याही पलीकडे होते. वडिलांना, म्हणजे अण्णांना, प्राथमिक शिक्षकाची नोकरी लागली आणि त्यांनी आजोबांची रापी माळ्यावर टाकली. आम्हा भावंडांना त्या रापीला हात लावायची बंदी होती. मी बँकेत नोकरी केली, कागदांच्या नादाने इतिहासाकडे वळलो आणि पन्नाशी ओलांडल्यावर, घरापासून सुमारे नऊ हजार किलोमीटरवर, पैसे मोजून चामडे विकत घेत होतो.

मी विद्यापीठातला इतिहासकार नाही. जे शिकलो ते जुने अहवाल, ग्रंथालये आणि माणसे यांच्याकडून. त्या दुकानातून सुरू झालेला एक शोध इथे मांडतो आहे. प्रश्न साधा आहे. जे काम तिथे शनिवारच्या सकाळी हौसेने शिकण्याचे आहे, ते आपल्याकडे सोडून देण्यातच माणसाचा मान का होता? आणि या दोन्ही गोष्टी घडल्या कशा?

शनिवारची शाळा

नवशिक्याला सर्वांत आधी दोन प्रकारची चामडी ओळखायला शिकवतात. एक क्रोमचे. क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याचे पेटंट अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी १८८४ मध्ये घेतले. त्या रीतीने एक-दोन दिवसांत कातडे तयार होते. ते मऊ असते, पाण्याला भीत नाही; बूट, जाकिटे, सोफे यांना चालते. दुसरे झाडांच्या सालीने, फळांनी, पानांनी कमावलेले. त्याला आठवडे लागतात, जाड कातड्याला महिने. पण ते पाण्याने दमट केले की मातीसारखे आकार घेते, ठसा धरते आणि त्याची कड घोटली की गुळगुळीत होते. हाताने काम शिकायचे तर हेच घ्यावे लागते.

पुढचा धडा जनावराच्या शरीराचा. पाठीचा आणि पुठ्ठ्याचा भाग घट्ट आणि महाग. खांद्याचा भाग थोडा सैल, सुरकुत्यांचा, पण स्वस्त. पोटाचा भाग ताणला जाणारा, कुठेही भरवसा न ठेवण्यासारखा. जाडी मिलिमीटरमध्ये सांगतात. जुने लोक अजून औंसात बोलतात. एक औंस म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, साधारण ०.४ मिलिमीटर. पट्ट्याला साडेतीन मिलिमीटरच्या आसपासचे चामडे लागते. नवशिक्याची पहिली वस्तू बिघडणारच, म्हणून मी स्वस्तातला खांदा घेतला.

वर्ग नगरपालिकेच्या सभागृहात भरायचा. शिकवणारे गृहस्थ सत्तरीचे. तरुणपणी गुरांच्या मोठ्या कुरणांवर घोडेस्वारी केलेले. वर्गात एक नर्स, एक ट्रकचालक, कॉलेजमधल्या दोन मुली, एक निवृत्त शिक्षिका आणि मी. सहा शनिवार आम्ही एकत्र बसलो. आम्ही एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारायचो. सहा आठवड्यांत कोणी कोणाचे आडनाव विचारले नाही. आडनावाआधी ओळख पुरी होत नाही अशा मुलखातून आलेल्या माझ्या ते दुसऱ्याच शनिवारी लक्षात आले.

तिथे शिकलो तो खोगिराचा टाका. एकच दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून काढायच्या. एका बाजूचा दोरा तुटला तरी दुसऱ्या बाजूचा टाका धरून ठेवतो. आपल्याकडच्या आरीला टोकाशी खाच असते आणि ती दोरा ओढून घेते. तिथली आरी फक्त भोक पाडते. मी आरी धरली तेव्हा गुरुजी म्हणाले, "तुम्ही आधी हे केलेले दिसते." मी नाही म्हणालो. तेही खरेच होते.

त्या संध्याकाळी अण्णांना फोन केला. चामड्याचे काम शिकतोय म्हटल्यावर ते काही वेळ बोलले नाहीत. मग विचारले, "पैसे देऊन?"

एका झाडाचा प्रवास

मी घेतलेल्या खांद्याच्या चिठ्ठीवर 'मिमोसा' असा शब्द होता. गुरुजींना विचारले तर म्हणाले, "मिमोसा म्हणजे वॅटल. आमच्याच झाडाची साल." मग माझे पाय वर्गाकडून ग्रंथालयाकडे वळले.

वॅटल हे ऑस्ट्रेलियातल्या शेकडो जातींच्या झाडांचे एक नाव. वसाहतीच्या सुरुवातीला फांद्यांची विणलेली चौकट करून तिला माती लिंपत आणि भिंती उभारत. तसल्या कुडाला इंग्रजीत वॅटल म्हणतात. त्यावरून झाडांना हे नाव पडले. त्यांतल्या सोनेरी वॅटलचे फूल १९८८ मध्ये अधिकृतपणे राष्ट्राचे फूल झाले. पण चांभारकीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती साल. कातडे टिकवणारे द्रव्य, टॅनिन, इंग्लंडच्या ओकच्या सालीत शेकडा १० ते १२ असते. आपल्या बाभळीच्या सालीत १२ ते २०. सोनेरी आणि काळ्या वॅटलच्या चांगल्या सालीत ते ३० ते ४० पर्यंत जाते. ओकच्या सवयीच्या इंग्रज चर्मकारांना हे घबाडच होते.

मग जे व्हायचे ते झाले. व्हिक्टोरिया, टास्मानिया, दक्षिण ऑस्ट्रेलिया इथली झाडे सोलली गेली. बरेचदा झाड उभेच ठेवून हात पोचेल तिथपर्यंतची साल ओरबाडत आणि झाड वाळून जाई. व्हिक्टोरिया सरकारला १८७८ मध्ये या सालीसाठी चौकशी मंडळ नेमावे लागले. सिडनीचे वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हेन्री मेडन यांनी १८९० मध्ये वॅटल आणि तिच्या साली यांवर एक स्वतंत्र पुस्तक काढले. लागवड कशी करावी, कोणत्या जातीत किती टॅनिन, असे सगळे तपशील त्यात आहेत.

तोवर काळ्या वॅटलचे बी समुद्रापार गेले होते. १८६४ मध्ये जॉन व्हँडरप्लँक नावाच्या वसाहतवाल्याने ते दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळमध्ये नेले, तेही जळण आणि आडोसा यांसाठी. १८८० च्या दशकात तिथल्या लोकांना सालीची किंमत कळली आणि मळेच्या मळे उभे राहिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशी वेळ आली की ऑस्ट्रेलियातले चर्मोद्योजक आपल्याच झाडाची साल आफ्रिकेतून विकत आणू लागले. ते झाड आपल्याकडेही आले. नीलगिरीत वॅटलच्या जाती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून जळणासाठी लावल्या गेल्या. मद्रासकडचे चर्मोद्योजक पिढ्यान्‌पिढ्या तरवडाची साल वापरत. विसाव्या शतकात तेही आयात वॅटलकडे वळले. कोकणात आणि देशावर सामाजिक वनीकरणाने रस्तोरस्ती लावलेली 'ऑस्ट्रेलियन बाभूळ' ही याच मोठ्या घराण्यातली.

बाभूळ म्हटल्यावर एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. शास्त्रज्ञांच्या वहीत बाभूळ आणि वॅटल दोघींचे कुळ एकच होते, अकेशिया. हे नाव मुळात काटेरी बाभळीवरून पडलेले. ग्रीक शब्दातच काटा आहे. पुढे अभ्यासातून कळले की हे कुळ खरे तर अनेक कुळांत विभागायला हवे. नियमाप्रमाणे मूळ नाव बाभळीकडे राहायला हवे होते. पण ऑस्ट्रेलियात या कुळाच्या हजाराच्या आसपास जाती. त्या सगळ्यांची नावे बदलावी लागली असती. २००५ मध्ये व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियाच्या झाडांना द्यायचे ठरले आणि २०११ मध्ये मेलबर्नच्या परिषदेत ते कायम झाले. बाभूळ आता व्हॅचेलिया झाली. काटे तिच्याकडे राहिले आणि काट्यावरून पडलेले नाव बहुतेक बिनकाट्यांच्या झाडांकडे गेले. निर्णयामागे सोय होती, कपट नव्हते. तरी ग्रंथालयातल्या त्या खुर्चीत बसून वाचताना मला आजोबांची आठवण झाली. ज्याची संख्या आणि सोय मोठी, त्याच्याकडे नाव जाते.

वेंगुर्ल्याचा हिरडा

आमच्याकडचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांवर तयार व्हायचे. दोन्हींचे काम वेगळे. बाभळीने कातडे भरते आणि त्याला तांबूस रंग येतो, हिरड्याने तो रंग उजळतो. वॅटलचा गुण बाभळीसारखाच तांबूस, म्हणून जगभरचे चर्मकार तिच्या जोडीला हिरडा वापरत आले. आजोबांना रसायनशास्त्र माहीत नव्हते. हे प्रमाण माहीत होते.

हिरड्याचा व्यापार साताबंदरी चालायचा. ब्रिटनच्या बाजारात हिरड्याच्या प्रती हिंदुस्थानातल्या गावांच्या नावांनी ओळखल्या जात. जबलपूरचा तो 'जबलपोर', बिमलीपट्टणचा तो 'बिमली' आणि सह्याद्रीतला, आपल्या वेंगुर्ला बंदरातून जाणारा तो 'व्हिंगोर्ला'. चामड्याच्या रसायनशास्त्रावरच्या जुन्या इंग्रजी पुस्तकांत हा शब्द मला भेटला. घाटावरच्या रानात डोक्यावर पाटी घेऊन हिरडा वेचणाऱ्या बायकांचा माल या नावाने विलायतेच्या कुंडांत पडत होता. बंदराचे नाव व्यापाऱ्याच्या तोंडी होते. वेचणारीचे नाव कुठल्या यादीत आले नाही.

खोगीरवाल्याची मोटार

आता पुन्हा अ‍ॅडलेडला. वसाहतीतले सारे जीवन चामड्यावर चालत होते. घोड्याला खोगीर आणि लगाम, गाडीला साज, मेंढपाळाला बूट, गुराख्याला आसूड, यंत्रालाही चामड्याचा पट्टा. इंग्लंडमधले वॉल्सॉल हे खोगिरांसाठी नावाजलेले गाव. तिथला जेम्स अलेक्झांडर होल्डन १८५२ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात आला आणि १८५६ मध्ये त्याने अ‍ॅडलेडमध्ये खोगिरांचे दुकान काढले. १८८५ मध्ये हेन्री फ्रॉस्ट भागीदार झाला आणि गाड्यांचे काम वाढले. बोअर युद्धात लष्कराच्या खोगिरांची आणि साजाची मोठी मागणी त्यांना मिळाली. पुढे गाड्यांच्या गाद्या, मग मोटारींचे सांगाडे, आणि १९४८ च्या नोव्हेंबरात देशाची स्वतःची म्हणून गाजलेली होल्डन मोटार. २०१७ मध्ये ते कारखाने बंद पडले तेव्हा माणसे हळहळली. त्या हळहळीत, याचा मूळपुरुष कातड्याचे काम करायचा, हे कोणी खाली मान घालून सांगत नव्हते. उलट ते अभिमानाने सांगितले जाते.

दुसरी गोष्ट रेजिनाल्ड मरे विल्यम्स यांची. जन्म १९०८, दक्षिण ऑस्ट्रेलियातलाच. १९३० च्या मंदीत ते उत्तरेच्या गॅमन डोंगररांगांत विहिरी खणत होते. तिथे त्यांना मायकल स्मिथ नावाचा एक भटका घोडेस्वार भेटला. लोक त्याला 'डॉलर मिक' म्हणत. त्याने विल्यम्सना वादी कापायला, वेणी विणायला, खोगीर आणि बूट करायला शिकवले. मुलाच्या डोळ्यांच्या उपचारासाठी विल्यम्स अ‍ॅडलेडला आले, प्रॉस्पेक्ट या उपनगरात वडिलांच्या परसातल्या शेडमध्ये काम सुरू केले. गुरांच्या व्यापारातला बडा धनी सिडनी किडमन याने ओझ्याच्या खोगिरांची मागणी दिली आणि धंदा मार्गी लागला. आज त्यांच्या नावाचे बूट मंत्री घालतात. विल्यम्सनी बुशमधल्या हस्तकलांवर पुस्तकही लिहिले. पुढे क्वीन्सलँडच्या रॉन एडवर्ड्स यांनी गावोगावच्या म्हाताऱ्या कारागिरांकडून गाठी, विणी, टाके उतरवून घेतले आणि चित्रे काढून छापले. आमचे गुरुजी कांगारूच्या कातड्याच्या वाद्यांचा आसूड विणायला शिकवत, ते अशाच पुस्तकांतल्या आकृत्यांवर बोट ठेवून. कांगारूच्या कातड्यातले तंतू पृष्ठभागाला समांतर असतात आणि त्यात चरबी कमी, म्हणून ते तासून पातळ केले तरी मजबूत राहते. त्याची अगदी बारीक वादी निघते. त्या विणीकडे पाहताना मला कोल्हापुरी चपलेच्या वेणीची ओळख पटली.

या दोन्ही कथांत एक समान गोष्ट आहे. शिकवणारा आणि शिकणारा एकाच जातीचा असावा लागला नाही. होल्डनने खोगिरे केली म्हणून त्याच्या नातवाला दुसरे काही करायला बंदी नव्हती. आणि ज्ञान कागदावर उतरले, ते करणाऱ्यांच्या किंवा त्यांच्याजवळ बसलेल्यांच्या हाताने.

आमच्याकडेही कागद आहेत. मुंबई इलाख्यातल्या कातडे कमावण्यावर जे. आर. मार्टिन यांचा प्रबंध १९०३ चा. गथ्री यांचा चामड्याच्या उद्योगावरचा अहवाल १९१० चा. मेहनतीने लिहिलेले आणि उपयोगी कागद आहेत ते. त्या काळच्या अशा अहवालांत कारागीर येतो तो जातीच्या नावाने. ढोर असे करतो, चांभार तसे करतो. चुन्याच्या कुंडात केस सोडवलेले कातडे धुऊन, त्याची पिशवी शिवून, आत बाभळीची कुटलेली साल आणि हिरडा भरून ती टांगायची. गळणारे पाणी खाली धरून पुन्हा वरून ओतायचे. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगून दुसऱ्या तोंडाने तेच करायचे. ही आमच्या घरातली रीत मी पहिल्यांदा इंग्रजीत वाचली. माझ्याच आजोबांचे काम मला एका परक्या साहेबाकडून कळावे, याची लाज वाटली. नंतर वाटले, लाज त्यांची नव्हे आणि माझीही नव्हे.

दुसरी बाजू

हे वाचून कोणी ऑस्ट्रेलियाला समतेचा स्वर्ग समजू नये. कातड्याचे कारखाने तिथेही शहराबाहेर ढकलले गेले. सिडनीत बॉटनी, अ‍ॅडलेडमध्ये टॉरेन्स नदीकाठचे हिंडमार्श आणि थेबर्टन. नदीत घाण गेली, शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या, कायदे झाले. फरक एवढाच की वास वस्तीला चिकटला, आडनावाला चिकटला नाही. कामगाराचा मुलगा वस्ती सोडून गेला की वास मागे राहायचा. आमचा वास अण्णांच्या मागे शाळेपर्यंत आला. ते कधी कुंडाजवळ गेले नसतील त्या दिवशीही वर्गातली पोरे नाक धरायची.

तिथे उतरंड होती ती रंगाची. ज्या उत्तरेकडच्या डोंगरांत विल्यम्स चामडे शिकले, त्याच भागात बेल्टाना नावाचे ठाणे आहे. १८६६ मध्ये थॉमस एल्डर यांनी कराचीहून शंभराहून अधिक उंट आणि एकतीस उंटवाले तिथे आणले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होते. या उंटवाल्यांनी वाळवंटातली ठाणी, तारेच्या चौक्या, खाणी यांना सामान पुरवले. सगळ्यांना 'अफगाण' म्हणत, मग तो बलुच असो की पंजाबी. १९०१ च्या कायद्याने गोऱ्यांखेरीज इतरांना देशाचे दार बंद झाले. डॉलर मिकचा शिष्य राष्ट्रपुरुष झाला. उंटांची खोगिरे बांधणारे गावाच्या कडेला वेगळ्या वस्तीत राहिले.

आणि मूळ रहिवाशांचे काय? दोन दिवस मेलबर्नला गेलो तेव्हा पॉसमच्या कातड्याच्या झग्यांची हकिगत कळली. देशाच्या आग्नेय भागातल्या थंडीत ही माणसे पॉसम या झाडावरच्या लहान प्राण्याची अनेक कातडी कांगारूच्या शेपटीच्या स्नायूंच्या धाग्याने जोडून झगा करत. आतल्या बाजूला रेघा कोरून गेरूने रंगवत. त्या रेघांत माणसाचा मुलूख आणि कुळ असे. मूल वाढेल तशी कातडी वाढवत आणि शेवटी त्याच झग्यात त्याला पुरत. गोऱ्यांनी जमिनी घेतल्या, झग्यांच्या जागी सरकारी ब्लँकेटे वाटली. ती पावसात भिजत, माणसे आजारी पडत. मेलबर्नच्या संग्रहालयात एकोणिसाव्या शतकातले दोनच झगे उरले. एक एचुकाजवळचा १८५३ चा, दुसरा लेक कोंडाचा १८७२ चा. १९९९ मध्ये विकी कझन्स, डेब्रा कझन्स, ली डॅरोक, ट्रीआना हॅम या मूळ रहिवासी कलावंत स्त्रियांनी ते पाहिले आणि पुन्हा झगे करायचे ठरवले. पॉसम तिथे संरक्षित प्राणी असल्याने कातडी न्यूझीलंडहून आणावी लागली. २००६ च्या राष्ट्रकुल खेळांच्या उद्‌घाटनाला त्यांच्या समाजाचे वडीलधारे नवे झगे पांघरून उभे राहिले.

या हकिगतीने मी फार अस्वस्थ झालो. त्या स्त्रिया आजीच्या हातच्या कामाकडे अभिमानाने परत गेल्या. मग अण्णांनी रापी माळ्यावर टाकली ते चुकले का? बरेच दिवस विचार केला. माझे उत्तर असे आहे, की त्यांच्याकडून काम हिसकावून घेतले गेले होते, म्हणून परत मिळवणे हा त्यांचा मान. आमच्यावर काम लादलेले होते, म्हणून सोडणे हा आमचा मान. १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे सोडा म्हणून सांगितले, ते कामाच्या तिरस्काराने नव्हे. ज्या कामाला नाही म्हणता येत नाही ते काम कितीही कौशल्याचे असले तरी कला होत नाही, हे त्यांना दिसत होते. शनिवारच्या वर्गात मला आनंद मिळाला, कारण सातव्या शनिवारी न जाण्याची मोकळीक मला होती. आजोबांना ती एकही दिवस नव्हती.

पण काम सोडताना ज्ञानही सोडले, हे मात्र नुकसान झाले. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे त्यात आहेत. सुभाषनगरात आजही माणसे ती करतात. चपलेचे नाव जगात झाले. तिच्या तळाचे कातडे कमावणाऱ्याची रीत, त्याचे शब्द, त्याचे हिशेब आमच्या म्हाताऱ्यांबरोबर जात आहेत. ते उतरवून घ्यायला आता साहेब येणार नाही, आणि येऊही नये. ते आपणच करायला हवे. धंद्यात परत जाण्याचा आग्रह कोणी कोणाला करू नये. लिहून ठेवायला कसली हरकत आहे?

मराठीत कातडे कमावतात, शरीर कमावतात, पैसा कमावतात. तिन्हींना एकच क्रियापद आहे. कच्च्याला कष्टाने टिकाऊ करणे, एवढाच त्याचा अर्थ. ज्यांनी हा शब्द रोज हाताने केला त्यांच्या वाट्याला त्यातले पहिलेच काय ते आले.

पट्टा

परत आल्यावर मी पट्टा अण्णांपुढे ठेवला. ते त्र्याऐंशीचे आहेत. नजर मंदावली आहे. त्यांनी पट्टा उचलून आधी नाकाशी नेला. मग वाकवून वरची बाजू पाहिली. नखाने ओरखडा काढला. मग कापलेले टोक डोळ्यांपाशी धरून म्हणाले, "मधी पांढरी रेघ न्हाई. आतपतूर मुरलंय." साठ वर्षांत त्यांच्या तोंडून या विषयावर मी ऐकलेले हे पहिले वाक्य.

मग त्यांनी पट्टा दोन्ही हातांनी ताणला आणि हसले. "खांद्याचं हाय. पट्ट्याला पाठ लागती. हे वरसात लांबंल. कुणी दिलं तुला?"

मी म्हणालो, "स्वस्त होतं म्हणून घेतलं."

"फसलास," ते म्हणाले. आणि मग आपणहून सांगायला लागले. म्हशीचे कातडे आणि बैलाचे यांत फरक काय, चुन्यातून कधी काढायचे हे बोटाने कसे ओळखायचे, पावसाळ्यात पिशवी कुठे टांगायची, हिरडा कुटायचा किती आणि बाभळीची साल कुठल्या महिन्यातली घ्यायची. मी धावत जाऊन वही आणली.

पान उघडले तसा त्यांनी हात वर करून मला थांबवले. म्हणाले, "आधी तुझ्या आज्याचं नाव लिही."